अमेरिकेतला इन्कम टॅक्स कायद्याने बंधनकारक आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपता संपता डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) हातात पडतात आणि अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा व्हिडिओ हमखास येतो: 'इन्कम टॅक्स भरायला लावणारा कायदाच अस्तित्वात नाही!' पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. मी बरीच वर्षं ओळखीतल्या कुटुंबांना रिटर्न भरायला मदत करते, त्यामुळे ते माझ्याकडेही येतात. विचारणारी माणसं शिकलेली असतात, कायदा पाळणारी असतात, आणि त्यांची शंका खरी असते. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलं आहे. हा सगळा मजकूर अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, इन्कम टॅक्सबद्दल आहे.

एका वाक्यात सांगा. भरायचा की नाही?

भरायचा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कमाई असेल तर रिटर्नही भरायचं आणि निघेल तो टॅक्सही.

व्हिडिओतला माणूस म्हणतो, 'मला कायदा दाखवा.' तो दाखवता येतो का?

येतो, आणि तो लपवून ठेवलेला नाही. इंटर्नल रेव्हेन्यू कोड उघडा. कलम १ मध्ये व्यक्तींच्या करपात्र उत्पन्नावर टॅक्स लावला आहे. कलम ६१ सांगतं की कुठल्याही मार्गाने झालेली कमाई म्हणजे एकूण उत्पन्न, आणि यादीत पहिलंच नाव येतं ते केलेल्या कामाच्या मोबदल्याचं. रिटर्न कोणी भरायचं हे कलम ६०१२ मध्ये आहे, पैसे कधी भरायचे ते ६१५१ मध्ये. जाणूनबुजून रिटर्न भरलं नाही किंवा टॅक्स भरला नाही तर तो गुन्हा, हे ७२०३ मध्ये. आणि टॅक्स चुकवायचा प्रयत्न केला तर तो त्याहून मोठा गुन्हा, हे ७२०१ मध्ये.

'हा कोड म्हणजे खरा कायदा नव्हे, नुसतं संकलन आहे' असा एक फाटा यातूनच निघतो. अमेरिकेच्या कायद्यांचं जे मोठं संकलन आहे, त्याचा २६ वा भाग त्या रूपात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेगळा मंजूर केलेला नाही, एवढं त्यात तथ्य आहे. पण त्यातला मजकूर, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू कोड, हा काँग्रेसने स्वतंत्र कायदा म्हणून मंजूर केलेला आहे. अर्धं खरं सांगायचं आणि उरलेलं गाळायचं ही पद्धत या विषयात पुन्हा पुन्हा दिसेल.

मग हा वाद आला कुठून? काहीतरी असल्याशिवाय एवढे लोक बोलतील का?

वाद एकेकाळी अगदी खरा होता, देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि एकदा सरकार हरलंही होतं. हा इतिहास माहीत नसला की आजच्या व्हिडिओतली निम्मी वाक्यं पटतात.

अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला कर लावायचा अधिकार पहिल्यापासून दिला आहे. पण 'प्रत्यक्ष' कर लावायचा असेल तर तो राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला गेला पाहिजे अशी अट घातली. उत्पन्नावरच्या कराला ही अट लावली तर काय होईल बघा. समान लोकसंख्येची दोन राज्यं आहेत, एक श्रीमंत आणि एक गरीब. दोघांनी मिळून सारखीच रक्कम द्यायची. म्हणजे गरीब राज्यातल्या माणसाला कराचा दर जास्त पडणार. असा कर व्यवहारात लावताच येत नाही. त्यामुळे 'इन्कम टॅक्स हा प्रत्यक्ष कर आहे का?' हा प्रश्न म्हणजे 'इन्कम टॅक्स असू शकतो का?' हाच प्रश्न होता.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६१ मध्ये पहिला इन्कम टॅक्स मंजूर झाला: ८०० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ३ टक्के. पुढच्याच वर्षी लिंकन यांच्या सहीने नवा कायदा आला आणि वसुलीसाठी कमिशनरचं पद तयार झालं. १८७२ मध्ये तो टॅक्स बंद पडला. पुढे स्प्रिंगर खटल्यात १८८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध होता असाच निकाल दिला.

मग १८९४ मध्ये ४,००० डॉलरच्या वर २ टक्के टॅक्स आला आणि १८९५ मध्ये पोलॉक खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. या निकालाचा दाखला व्हिडिओत हमखास येतो. पण निकाल काय होता ते नीट वाचलं पाहिजे. घरभाडं, डिव्हिडंड, व्याज असं मालमत्तेतून येणारं उत्पन्न घ्या. त्यावरचा कर म्हणजे मालमत्तेवरच प्रत्यक्ष कर, असं कोर्ट म्हणालं. नोकरी-धंद्यातल्या कमाईवरच्या करावर असा आक्षेप कोर्टाने घेतला नव्हता. तरीही अख्खा कायदा रद्द केला, कारण मालमत्तावाले सुटले असते आणि सगळा बोजा कष्ट करून कमावणाऱ्यांवर पडला असता. संसदेचा हेतू तो नव्हता. थोडक्यात, इन्कम टॅक्सच्या विरोधात गेलेला हा सर्वांत मोठा निकालसुद्धा 'पगारावर टॅक्स लागत नाही' असं म्हणत नाही.

या निकालानंतर देशात बरीच वर्षं चर्चा झाली आणि १९०९ मध्ये काँग्रेसने सोळावी घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवली: उत्पन्न कुठूनही आलेलं असो, त्यावर लोकसंख्येच्या वाटणीशिवाय कर लावायचा अधिकार काँग्रेसला राहील. अलाबामाने सगळ्यांत आधी मान्यता दिली. फेब्रुवारी १९१३ मध्ये आवश्यक तेवढी राज्यं झाली, परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी तसं जाहीर केलं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला अध्यक्ष विल्सन यांची नव्या टॅक्सवर सही झाली. सुरुवातीचा दर १ टक्का. १९१६ च्या ब्रशाबर खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. वाद तिथे संपला. एका निकालाने अडवलेली गोष्ट लोकांनी घटना बदलून मोकळी केली, इतक्या रीतसर मार्गाने हे झालेलं आहे.

सोळावी घटनादुरुस्ती नीट मंजूरच झाली नव्हती म्हणतात. ते खरं का?

इलिनॉयमधल्या एका गृहस्थांनी राज्याराज्यांच्या राजधान्या पालथ्या घालून जुनी कागदपत्रं जमवली आणि हा दावा मांडला. कागदपत्रं खरी होती, म्हणून हा दावा बाकीच्यांपेक्षा वजनदार वाटतो.

त्यात काय सापडलं? राज्यांनी मंजुरीचे जे ठराव पाठवले त्यातल्या फक्त चारांमध्ये काँग्रेसचा मजकूर अक्षर न् अक्षर जुळतो. बाकीच्यांत शुद्धलेखनाच्या, विरामचिन्हांच्या, लहान-मोठ्या अक्षरांच्या चुका आहेत. काही ठिकाणी शब्दही चुकले. इलिनॉयच्या ठरावात 'एन्युमरेशन'च्या (गणना) जागी 'रिम्युनरेशन' (मोबदला) पडलं. मिसूरीने 'ले' ऐवजी 'लेव्ही' लिहिलं. वॉशिंग्टन राज्याच्या प्रतीत 'इन्कम्स'चं 'इन्कम' झालं. हाताने किंवा टाइपरायटरवर नकला काढायच्या काळात हे व्हायचंच. नॉक्स यांच्या खात्याच्या वकिलांनी १९१३ मध्येच या चुकांची टिपणी त्यांच्यापुढे ठेवली होती. आधीच्या घटनादुरुस्त्यांच्या ठरावांतही असे फरक होते आणि राज्यांना मजकूर बदलायचा नव्हता, दुरुस्ती मान्य करायची होती हे उघड होतं. सातव्या सर्किटच्या (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांना सर्किट म्हणतात) अपील कोर्टाने १९८६ मध्ये थॉमस खटल्यात हा सगळा तपशील मांडून दावा फेटाळला.

आणि ते ओहायोचं प्रकरण काय आहे?

ओहायो १८०३ मध्ये राज्य झालं, पण त्याला प्रवेश देणारा औपचारिक ठराव करायचा तेव्हा राहून गेला. १९५३ मध्ये काँग्रेसने तो ठराव १८०३ पासून लागू होईल असा केला. म्हणून १९११ मध्ये ओहायोने दिलेली मान्यता बाद, असा युक्तिवाद. कोर्टांनी तो मानलेला नाही. शिवाय गरज ३६ राज्यांची होती आणि सरतेशेवटी ४२ राज्यांनी मान्यता दिली. ओहायो बाजूला ठेवलं तरी आकडा खाली येत नाही.

आयआरएस (टॅक्स वसूल करणारं सरकारी खातं) स्वतःच म्हणतं की ही पद्धत 'ऐच्छिक' आहे. मग सक्ती कशी?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, कारण ते वाक्य खरंच आहे आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. १९६० च्या फ्लोरा खटल्यात मुख्य न्यायमूर्ती वॉरन यांनी लिहिलं की आपली करव्यवस्था ऐच्छिक आकारणी आणि भरण्यावर उभी आहे, जप्तीवर नाही.

त्याचा अर्थ असा: सरकारी माणूस घरी येऊन तुमचा टॅक्स ठरवून बिल हातात देत नाही. हिशेब तुम्ही स्वतः करता, रिटर्न स्वतः भरता, वजावटी कोणत्या घ्यायच्या ते स्वतः ठरवता. पहिलं पाऊल तुमचं. ते उचलायचं की नाही हे मात्र तुमच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

आणि फ्लोरा खटला कशाबद्दल होता ते व्हिडिओत कधीच सांगत नाहीत. एका करदात्याने आकारलेल्या टॅक्सचा काही भाग भरला आणि रिफंडसाठी डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा लावला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आधी पूर्ण रक्कम भरा, मग दावा करा. ज्या निकालाने 'आधी सगळं भरा' असं बजावलं, त्यातलं एक वाक्य उचलून 'भरायची गरज नाही' म्हणून विकलं जातं. याची मला मनापासून चीड येते, कारण ऐकणाऱ्याकडे निकाल वाचायला वेळ नसतो हे विकणाऱ्याला माहीत असतं.

पगार म्हणजे श्रमाचा मोबदला. दिलं तेवढंच घेतलं, मग नफा कुठे? आणि नफा नाही तर उत्पन्न कसलं?

ऐकायला हे बरोबर वाटतं. मी तास दिले, कंपनीने तेवढ्याच किमतीचे पैसे दिले, फिटंफाट. पण कायदा तुमच्या तासांची 'खरेदी किंमत' धरत नाही, कारण ते तुम्ही पैसे मोजून घेतलेले नसतात. १९५५ च्या ग्लेनशॉ ग्लास खटल्यात सुप्रीम कोर्टाने उत्पन्नाची व्याख्या सांगितली ती अशी की संपत्तीत निर्विवाद भर पडली, ती प्रत्यक्ष हातात आली आणि तिच्यावर तुमचा ताबा आहे, तर ते उत्पन्न. पगार त्यात सरळ बसतो. तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९९० मध्ये लिहून ठेवलं आहे की ज्या ज्या कोर्टापुढे हा मुद्दा आला त्या प्रत्येकाने तो फेटाळला.

कलम ८६१ प्रमाणे फक्त परदेशी लोकांना आणि परदेशातल्या उत्पन्नालाच टॅक्स लागतो ना?

नाही. कलम ८६१ मध्ये कोणतं उत्पन्न अमेरिकेतलं समजायचं ते सांगितलं आहे. अमेरिकेत राहून केलेल्या कामाचा मोबदला त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. टॅक्स कशावर लागतो हे कलम ६१ ठरवतं.

याच धर्तीवर 'फेडरल कायदा फक्त वॉशिंग्टन डीसी आणि बेटांपुरता', 'आयआरएस ही सरकारी संस्थाच नाही', 'टॅक्स म्हणजे गुलामगिरी, तेराव्या घटनादुरुस्तीविरुद्ध' असे दावे फिरतात. पाचव्या सर्किटच्या कोर्टाने १९८४ मध्ये क्रेन खटल्यात म्हटलं होतं की अशा युक्तिवादांना गंभीर उत्तर देत बसलो तर त्यांत काहीतरी दम आहे असा समज होईल. मीही इथे थांबते.

'स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही' म्हणून रिटर्न कोरं ठेवता येईल का?

१९२७ मध्ये बेकायदा दारू विकणाऱ्या सलिव्हन नावाच्या माणसाने हेच म्हटलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, एखाद्या विशिष्ट प्रश्नाच्या उत्तराला हरकत असेल तर ती रिटर्नमध्ये नोंदवा. रिटर्नच भरायचं नाही ही मुभा नाही.

पण माझ्या ओळखीतल्या एकाला पूर्ण रिफंड आला. चेकचा फोटो मी डोळ्यांनी पाहिला.

फोटो खरा असू शकतो. ही युक्ती नीट समजून घ्या.

डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत तुमचा पगार असतो आणि दुसऱ्या चौकटीत त्यातून कापलेला फेडरल टॅक्स. कंपनीने डब्ल्यू-२ दिलाच नाही किंवा चुकीचा दिला, तर त्याच्या बदल्यात भरायला फॉर्म ४८५२ असतो. या योजनेत तो फॉर्म घेऊन पगाराच्या जागी शून्य लिहायचं आणि कापलेला टॅक्स मात्र जसाच्या तसा लिहायचा. मग रिटर्न सांगतं: उत्पन्न शून्य, टॅक्स कापला १८,००० डॉलर, सगळा परत करा. लाखो रिटर्न्स यंत्रावर तपासली जातात, त्यांतून एखादं सुटतं आणि चेक येतो. त्याच चेकचा फोटो पुढची पाच माणसं ओढायला वापरतात.

त्यानंतरचं पत्र फोटोत नसतं. कंपनीने पाठवलेला डब्ल्यू-२ आयआरएसकडे असतोच. दोन्ही जुळवले की रिफंड व्याजासकट परत मागितला जातो आणि असं निरर्थक रिटर्न भरल्याबद्दल प्रत्येक रिटर्नमागे ५,००० डॉलरचा वेगळा दंड लागतो. ही पद्धत शिकवणाऱ्या मिशिगनमधल्या एका लेखकाला स्वतःला मिळालेले रिफंड कोर्टाच्या आदेशाने परत करावे लागले आणि पुढे तुरुंगातही जावं लागलं.

काही लोक कोर्टात निर्दोष सुटले आहेत. मग मुद्दा सिद्ध झालाच की?

सुटले आहेत, आणि ते का सुटले हे समजण्यासारखं आहे. अमेरिकेत टॅक्सचा फौजदारी गुन्हा सिद्ध करायचा तर माणसाने तो 'जाणूनबुजून' केला हे सरकारला दाखवावं लागतं. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक जॉन चीक यांचा खटला १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. त्यांनी रिटर्न भरणं सोडलं होतं आणि पगारातून टॅक्स कापला जाऊ नये म्हणून डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला कळवणारा फॉर्म) एकेकाळी तब्बल ६० अलाउन्सेस दाखवले होते; ते जितके जास्त, तितका टॅक्स कमी कापला जाई. कोर्टाने म्हटलं की कायदा काय सांगतो याबद्दल एखाद्याचा मनापासून गैरसमज असेल, तर तो कितीही अजब असला तरी ज्युरीने विचारात घ्यावा. मात्र 'कायदा घटनाबाह्य आहे असं मला वाटतं' ही सबब चालणार नाही. कारण तसं म्हणणाऱ्याला कायदा माहीत असतो, तो फक्त मान्य नसतो.

खटला पुन्हा चालला आणि दुसऱ्या ज्युरीने चीक यांना दोषी ठरवलं. लोक निकालाचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा सोडून देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फौजदारीतून सुटलं तरी टॅक्सची बाकी सुटत नाही. २००३ मध्ये मेम्फिसच्या ज्युरीने एका वैमानिक बाईंना निर्दोष सोडलं तेव्हा मोठा जल्लोष झाला होता. पुढच्याच वर्षी टॅक्स कोर्टात त्यांना पाच लाख डॉलरहून जास्त बाकी आणि दंड मान्य करावा लागला.

आणि जे सुटले नाहीत त्यांचं काय झालं?

अभिनेता वेस्ली स्नाइप्स यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. कलम ८६१ चा युक्तिवाद त्यांच्या सल्लागारांनी त्यांच्या गळी उतरवला होता. २००८ मध्ये ज्युरीने त्यांना मोठ्या आरोपांतून मोकळं केलं, पण १९९९ ते २००१ या तीन वर्षांची रिटर्न्स न भरल्याबद्दल दोषी ठरवलं. तीन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१० मध्ये ते आत गेले. सल्ला देणाऱ्या एडी रे कान यांना दहा वर्षं झाली.

अर्विन शिफ यांनी आयुष्यभर पुस्तकं लिहून आणि व्याख्यानं देऊन हेच शिकवलं. एकाहून अधिक वेळा शिक्षा झाली. २०१५ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, ते फेडरल कोठडीतच वारले. न्यू हॅम्पशायरमधल्या प्लेनफिल्डचे ब्राऊन दांपत्य २००७ मध्ये शिक्षा झाल्यावरही घरात शस्त्रं घेऊन महिनोन्‌महिने बसून राहिलं. अटक झाली, नवे गुन्हे लागले आणि टॅक्सच्या शिक्षेपेक्षा कितीतरी मोठी शिक्षा पदरी पडली.

तुरुंगापर्यंत फार थोडे जातात हे खरं. बाकीच्यांचं नुकसान शांतपणे होतं. रिटर्न उशिरा भरल्याबद्दल न भरलेल्या टॅक्सच्या ५ टक्के दरमहा, २५ टक्क्यांपर्यंत, फसवणूक ठरली तर दरमहा १५ टक्के, ७५ टक्क्यांपर्यंत, वर व्याज. टॅक्स कोर्टात हेच निरर्थक मुद्दे उगाळले तर कोर्ट २५,००० डॉलरपर्यंत दंड करू शकतं. आणि रिटर्न भरलंच नसेल तर आकारणीला मुदतीची मर्यादा नाही. पंधरा वर्षांनीही पत्र येऊ शकतं.

मी एच-१बी वर किंवा ग्रीन कार्डवर आहे. मला काही वेगळं लागू होतं का?

टॅक्सचा नियम तोच, धोका मात्र कितीतरी मोठा. हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे.

टॅक्स न भरणाऱ्यांच्या साहित्यात एक सल्ला असतो: 'स्वतःला नॉन-रेसिडेंट एलियन (करासाठी अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी) जाहीर करा.' जन्मजात अमेरिकन नागरिकाने हे केलं तर त्याला दंड होईल. ग्रीन कार्डवाल्याने केलं तर त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं की 'मी इथे राहत नाही', आणि त्यावरून कायमचं वास्तव्य सोडल्याचा अर्थ निघू शकतो. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात टॅक्सची बाकी आहे का आणि स्वतःला कधी नॉन-रेसिडेंट म्हणवलं आहे का, हे सरळ विचारतात. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नवीन आलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती सहसा खरोखरच नॉन-रेसिडेंट असतात आणि त्यांनी १०४०-एनआर हे नॉन-रेसिडेंटचं रिटर्न भरणंच योग्य.)

२०१२ चा कावाशिमा खटला प्रत्येक स्थलांतरिताने माहीत करून घ्यावा. वर्षानुवर्षं कायदेशीर राहणारं एक जपानी जोडपं, रेस्टॉरंटचा धंदा. खोट्या रिटर्नच्या प्रकरणात दोघांनी गुन्हा कबूल केला. सरकारचं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असल्याने हा हद्दपारीला पात्र असा गंभीर गुन्हा ठरतो, असा सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. १०,००० डॉलर म्हणजे दोघं नोकरी करणाऱ्या घरात एका वर्षाचाच टॅक्स.

आपल्या लोकांकडून जे होतं ते बहुतेक वेळा अज्ञानातून होतं. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून इथेही दाखवायचं नाही असं समजतात. इथे रेसिडेंट असाल तर जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरईचं व्याजही त्यात आलं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्मही भरायचा.

डब्ल्यू-४ वर 'एक्झेम्प्ट' लिहून टॅक्स कापणं थांबवलं तर?

गेल्या वर्षी टॅक्स शून्य निघाला होता आणि यंदाही शून्यच निघणार असेल, तरच ते लिहिता येतं. खोटं लिहिलं तर ५०० डॉलर दंड, आणि जाणूनबुजून असेल तर गुन्हा. शिवाय आयआरएस कंपनीला पत्र पाठवून टॅक्स किती कापायचा ते कळवतं आणि मग तुमचा डब्ल्यू-४ कंपनी मानत नाही. ही गोष्ट एचआरपर्यंत पोचते हे लक्षात घ्या.

टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही म्हणतात. मग?

तिथे राज्याचा नाही. फेडरल टॅक्स ५० राज्यांत सारखाच लागू आहे.

म्हणजे टॅक्सबद्दल कोर्टात भांडायला जागाच नाही?

भरपूर आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या भारताशी जोडलेलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्याने २००६ मध्ये बेंगळुरूच्या किसानक्राफ्ट या कंपनीत ४०,००० डॉलर गुंतवले. छोट्या शेतकऱ्यांना परवडतील अशी अवजारं विकणारी ही कंपनी. नफा कंपनीतच राहत होता, मूर यांच्या हाती काही येत नव्हतं. २०१७ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांतल्या अशा साठलेल्या नफ्यावर अमेरिकन भागधारकांना एकदाच लागणारा टॅक्स लावला आणि मूर यांना सुमारे १५,००० डॉलर द्यावे लागले. त्यांचा प्रश्न होता: जे हातात आलंच नाही त्याला सोळाव्या घटनादुरुस्तीतलं 'उत्पन्न' म्हणता येईल का?

प्रश्न इतका खरा होता की सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला घेतला. जून २०२४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सरकार जिंकलं, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी निकाल मुद्दाम मर्यादित ठेवला: कंपनीला नफा झाला आहे आणि तो भागधारकांच्या नावे धरायची पद्धत जुनीच आहे. निव्वळ कागदोपत्री वाढलेल्या संपत्तीवर टॅक्स लावता येतो का, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला.

मूर यांनी टॅक्स आधी भरला, मग रिफंडसाठी दावा केला. ते हरले, पण त्यांच्यावर ना दंड, ना गुन्हा. शंका असेल तर रस्ता हाच.

युद्धाला पैसे द्यायचे नाहीत म्हणून टॅक्स न भरणारेही असतात ना?

असतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ते कायदा नाही असं म्हणत नाहीत. कायदा आहे हे मान्य करून सदसद्‌विवेकाखातर तो मोडतात आणि परिणाम सोसतात. पण कोर्टात त्यांनाही सूट मिळत नाही. १९८२ च्या ली खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या एका मालकाने कामगारांचा सोशल सिक्युरिटी टॅक्स धर्माच्या कारणाने भरायला नकार दिला होता. सुप्रीम कोर्टाने त्याची श्रद्धा खरी मानली आणि टॅक्स तरीही भरायला सांगितला.

मी दोन-तीन वर्षं असल्या सल्ल्यावरून रिटर्न भरलं नाही. आता काय करू?

आधी घाबरून काहीही लिहून पाठवू नका. जाणूनबुजून भरायचं टाळलं असेल तर पहिली भेट टॅक्सच्या वकिलाची घ्या, रिटर्न भरून देणाऱ्याची नाही. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, दुसऱ्याशी झालेलं तसं राहीलच असं नाही. आयआरएसने स्वतः शोधून काढायच्या आधी तुम्ही पुढे आलात तर फौजदारी कारवाईची शक्यता खूप कमी होते. साधारणपणे मागच्या सहा वर्षांची रिटर्न्स मागितली जातात. पैसे एकदम नसतील तर हप्ते बांधून मिळतात. रिटर्न वेळेवर भरलं पण भारतातलं उत्पन्न न कळत राहून गेलं असेल, तर त्यासाठी स्ट्रीमलाइन्ड नावाची वेगळी सोय आहे. कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी बऱ्याच शहरांत लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक्स आहेत.

मला नोटीस आली आहे. 'मी टॅक्सपेअर नाही' असं छापील पत्र पाठवायला एकाने दिलं आहे. पाठवू का?

नको. ते पत्र आयआरएसने हजारदा पाहिलेलं आहे, आणि त्याने तुमच्या मुदतीतला एक दिवसही वाढत नाही. तुम्ही रिटर्न भरलं नाही तर कंपनीने आणि बँकेने कळवलेल्या आकड्यांवरून आयआरएस स्वतःच हिशेब मांडतं. त्यात अनेक वजावटी धरलेल्या नसतात, म्हणून रक्कम बहुधा जास्त निघते. मग 'नोटीस ऑफ डेफिशियन्सी' येते. त्या तारखेपासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज केला तर एक पैसा न भरता भांडता येतं. तुम्ही अमेरिकेबाहेर असाल तर १५० दिवस मिळतात. मुदत गेली की ती सोय गेली. अर्ज कधीपर्यंत करायचा ती शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते. ती आधी शोधा आणि वकिलाला फोन करताना तीच पहिल्यांदा सांगा.